एक्केचाळिसावा दिवस

ईस्टर झाला की पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलासमोरची रांग वाढते. येणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "सिस्टर, चाळीस दिवस हात लावला नव्हता हो!" मग ईस्टरच्या जेवणात मेहुण्याने ग्लास पुढे केलेला असतो, सणाचा मान म्हणून एक घेतलेली असते आणि सोमवारपासून रोजचं सुरू झालेलं असतं. श्रावण संपला की हीच तक्रार दुसऱ्या आळीतून येते, ईद झाली की तिसऱ्या मोहल्ल्यातून. वस्तू बदलते, कुठे दारू, कुठे सिगारेट, कुठे मावा. बोलणं तेच असतं आणि शेवटचा प्रश्नही तोच : "मला जमायचंच नाही का?"

वसईतल्या पापडी गावात एका छोट्या धर्मादाय दवाखान्यात मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. शिक्षण समाजकार्याचं, पण दवाखान्यात बसते म्हणून सगळ्यांची सिस्टर झाले. डॉक्टर रक्तदाब आणि साखर तपासतात, औषध लिहून देतात आणि कागदाच्या कडेला 'सवयी' असं लिहून पेशंटला माझ्याकडे पाठवतात. दारू, तंबाखू, मशेरी, रात्रीचा फोन, जेवणाच्या वेळा, सुक्या मासळीतलं मीठ, सगळं त्यात येतं. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्याने चाळीस दिवस सोडलं, त्याच्या मनाच्या ताकदीबद्दल मला शंका उरत नाही. एक्केचाळिसाव्या दिवसाची तयारी मात्र त्याने केलेली नसते आणि त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीही केलेली नसते.

पापडी एवढंसं गाव, तरी सोडण्याचे सगळे प्रकार इथे शेजारीशेजारी पाहायला मिळतात. गावात अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि हे चर्च त्याचं कॅथेड्रल झालं. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लागली की घरोघर काही ना काही सोडलं जातं. कोणी मटण सोडतं, कोणी दारू, कोणी चहातली साखर. पलीकडे मुस्लिम वस्तीत रमजान पाळला जातो. हिंदू घरांत श्रावण असतो, कोणाच्या गळ्यात पंढरीची तुळशीमाळ असते. वसईत मल्याळी शेजारीही पुष्कळ. ते अय्यप्पाची माळ घालून एक्केचाळीस दिवसांचं व्रत करतात. वर्षभर ज्याच्या हातातून ग्लास सुटत नव्हता, तो माणूस या काळात अगदी सहज थांबलेला दिसतो. घरचे म्हणतात, देवाची कृपा. मी तिला नाकारत नाही. पण त्या चाळीस दिवसांत त्याच्या आजूबाजूला काय काय बदललं, ते मी बारकाईने विचारते, कारण माझ्या कामाचं सगळं त्यात असतं.

प्रायश्चित्तकाळात लग्नं ठरवायची नाहीत ही आमच्याकडची जुनी रीत, त्यामुळे हळदीच्या रात्री नाहीत आणि पार्ट्याही नाहीत. शुक्रवारची संध्याकाळ एरवी आठवड्यातली सगळ्यात अवघड. ती क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेत जाते. मित्र स्वतःच आग्रह करत नाहीत, कारण त्यांनीही काही सोडलेलं असतं. रमजानमध्ये दिवसभर पाण्याचा घोट नाही तर तंबाखू कुठून, आणि संध्याकाळी इफ्तारला सगळा मोहल्ला एका वेळी एकत्र बसतो, नंतर तरावीहची नमाज. श्रावणात "मी पाळतो" एवढं म्हटलं की कोणी पुढे हुज्जत घालत नाही. तुळशीमाळेचं तर सगळ्यात सोपं. गळ्यात माळ दिसली की विचारणाराच थांबतो. नकार द्यायची वेळच येत नाही. म्हणजे वेळ भरलेली असते, जागा बदललेली असते, सोबत बदललेली असते आणि नाही म्हणायला एक सर्वमान्य कारण हाताशी असतं. माणूस तोच असतो.

मग ईस्टरचा रविवार येतो आणि हे चारही आधार एका दिवसात काढून घेतले जातात. त्याच दुपारी त्याच्याकडून अपेक्षा असते की त्याने आता स्वतःच्या जोरावर उभं राहावं.

२०२५ साली रमजानचा पहिला रोजा २ मार्चला होता आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. दोन्ही काळ एकाच आठवड्यात सुरू झाले. त्या महिन्यात दवाखान्याच्या बाकावर रोजेदार चाचा आणि उपवास करणारे अंकल शेजारी बसलेले असत आणि एकमेकांना विचारत असत, तुमचं किती दिवस झालं? दोघांचीही सिगारेट होती. चाचांचं म्हणणं, दिवस निघून जातो, पण इफ्तारनंतरची पहिली सिगारेट सुटत नाही. अंकलचं म्हणणं, जेवणानंतरची सुटत नाही. दोघांची अडचण एकच निघाली, जेवण झाल्यानंतरची दहा मिनिटं. मी त्यांना एवढंच सांगितलं की जेवण झालं की बसलेल्या जागेवरून उठा, तोंड धुवा आणि दहा मिनिटं पापडी तलावाच्या बाजूने चालून या. तलफ येते तेव्हा वाटतं की ती आता वाढतच जाणार, पण बहुतेक वेळा ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हात आणि पाय दुसरीकडे गुंतले पाहिजेत. चाचांनी विचारलं, "और ईद के बाद?" माझ्याकडे येणाऱ्या शंभरांत एकजण हा प्रश्न आधी विचारत असेल. मी म्हटलं, ईदनंतरही रोज त्याच वेळी दोघं मिळून चाला. दोघांनी फोन नंबर दिले-घेतले. त्यांचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी थोडं शास्त्राबद्दल.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक अभ्यास केला होता. प्रत्येकाने एक छोटी नवी सवय निवडायची, जेवणानंतर फळ खाणं किंवा संध्याकाळी चालणं अशी, आणि ती रोज ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची. ती सवय विचार न करता आपोआप घडू लागायला किती दिवस लागतात, हे त्यांनी मोजलं. सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा अंदाज आला. हा अभ्यास नवी सवय लावण्याचा आहे, व्यसन सोडण्याचा नाही, हे मी पेशंटना आधीच सांगते. तरी ६६ चा आकडा मला फार उपयोगी पडतो. चाळीस दिवस म्हणजे अर्ध्याहून जास्त वाट झाली, पण मुक्काम अजून आलेला नाही, हे त्यातून लगेच समजतं. आणि त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी त्याहून जास्त वेळा सांगते : मध्ये एखादा दिवस चुकला तर घडत आलेली सवय मोडत नाही. आपल्या घरांत मात्र एक दिवस चुकला की 'गेलं सगळं पाण्यात' असं म्हणायची पद्धत आहे. या वाक्याने जेवढी माणसं परत बाटलीकडे गेलेली मी पाहिली, तेवढी बाटलीच्या ओढीनेही गेली नसतील.

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण मी माझ्या खोलीत कोणाला बोलू देत नाही. बायको नवऱ्यासमोर बोलते, सासू सुनेसमोर बोलते, आणि समोरचा माणूस ती निकालासारखी ऐकून घेतो. मला दुसरी एक चाल त्याहून वाईट वाटते, ती म्हणजे मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायला लावलेली शपथ. शपथ घेताना माणूस खरंच रडतो, त्याच्या मनात खोट नसते. पण पुढे पाय घसरला की त्याला दारूची लाज वाटण्याआधी पोराच्या जिवाची भीती वाटते, आणि तो लपवू लागतो. लपवलेली गोष्ट मला दिसत नाही, डॉक्टरांना दिसत नाही, महिनाभराने ती थेट यकृताच्या रिपोर्टात दिसते. म्हणून मी घरच्यांना हात जोडून सांगते, शपथ घालू नका. त्याऐवजी, घसरलास तर त्याच दिवशी सांग, मी ओरडणार नाही, असा शब्द तुम्ही त्याला द्या.

शपथेच्या जागी मी एक वही देते. शाळेची साधी दोनशे पानी वही, पानावर चार रकाने आखायचे : वेळ, जागा, सोबत कोण, आणि आधी काय झालं. पहिला आठवडा काहीच सोडायचं नाही, फक्त लिहायचं. लोअर परळला छापखान्यात काम करणारा पापडीचाच एक गृहस्थ माझ्याकडे येत असे. त्याच्या वहीचं एक पान अजून डोळ्यांसमोर आहे. शाईचे डाग पडलेल्या बोटांनी लिहिलेलं, अक्षर मात्र टपोरं. वेळेच्या रकान्यात सगळीकडे सव्वाआठ ते साडेआठ. जागा स्टेशनबाहेरची. सोबत गाडीतले दोघे, एकाच डब्यातले, वर्षानुवर्षांचे. आधी काय झालं, या रकान्यात त्याने प्रत्येक दिवशी वेगळं लिहिलं होतं. मालक बोलला, गाडी लेट, पगार अडकला, काही नाही. पण मी विचारलं की दुपारी जेवला कधी, तर एक वाजता. त्यानंतर? चहा. म्हणजे सात तास पोटात फक्त चहा, लोकलमध्ये तासभर उभं राहणं, आणि उतरल्या उतरल्या समोर बार.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांच्या भेटीतून सुरू झालेली चळवळ. तिच्यातली जुनी माणसं नव्याला चार गोष्टी सांभाळायला शिकवतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. या गृहस्थाकडे त्यातल्या तीन रोज संध्याकाळी एकत्र हजर असत. त्याला दारूवर भाषण देण्यात काही अर्थ नव्हता. आम्ही ठरवलं की सहा वाजता, छापखान्यातून निघण्याआधी, दोन केळी आणि मूठभर फुटाणे खायचे. गाडी भाईंदरची खाडी ओलांडून नायगावला आली की बायकोला फोन करायचा आणि घरी पाय लागेपर्यंत बोलत राहायचं. डबा बदलायचा. हा डबा बदलण्याचा मुद्दा त्याला सगळ्यात जड गेला. त्या दोघांशी त्याची खरी दोस्ती होती, त्यांनी त्याच्या अडचणीत पैसे उभे केले होते. मी त्याला मैत्री तोडायला सांगितलं नाही, रविवारी सकाळी त्यांना घरी चहाला बोलवायला सांगितलं. पहिले काही आठवडे त्याचा मेहुणा स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर उभा राहिला. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं. पण मनाचा निर्धार ज्या वेळी सगळ्यात थकलेला असतो, त्या वेळी त्याच्या जागी स्कूटरवर बसलेला एक माणूस हजर असणं, याला मी उपचार म्हणते.

तो पुढे गावच्या सणाला घसरला. दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन आला, वही घेऊन आला. पानावर लिहिलेलं होतं : दुपार, मंडपामागे, चुलतभाऊ, उपाशी. पुन्हा सुरुवात झाली, पहिल्यापासून नाही, होता तिथून.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती जिवावर बेतते. जो रोज भरपूर पितो, ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घोट लागतो, त्याने राखेच्या बुधवारी किंवा श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम दारू बंद करू नये. शरीराला तिची इतकी सवय झालेली असते की ती अचानक थांबल्यावर काही तासांत कंप, घाम, उलट्या सुरू होतात. फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेल्या गोष्टी त्याला दिसतात. यात माणसं दगावतात. घरच्यांना वाटतं, भूतबाधा झाली किंवा ढोंग करतोय. अशा माणसाने आधी डॉक्टरांकडे जावं आणि औषधाच्या आधाराने, गरज पडली तर दवाखान्यात राहून सोडावी. तंबाखूचं तसं नाही. ती एकदम सोडली तर पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही, पुढे तीन-चार आठवड्यांत त्रास उतरत जातो. पण त्याने जीव जात नाही.

मशेरीची गोष्ट या सगळ्याहून निराळी, कारण तिला कोणी व्यसन मानत नाही आणि म्हणून कोणत्याच उपवासात ती सुटत नाही. दारू नवऱ्याची असते, तिची घरभर चर्चा असते. मशेरी आईची असते, आजीची असते, आणि मोरीजवळच्या कोनाड्यात डबीत असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची सवय आढळली. धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, दोन्ही करणारे दोन्हीकडे मोजलेले. म्हणजे आपल्याकडे तंबाखू म्हटलं की सिगारेट डोळ्यांसमोर येते खरी, पण खरा प्रश्न तोंडात धरण्याच्या तंबाखूचा आहे. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. मशेरीसाठी मात्र दुकानही लागत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करायची, डबीत भरायची. भाजताना घरातल्या लहान मुलांना ठसका लागतो, खिडकी उघडली जाते, आणि पुन्हा पंधरा दिवसांची बेगमी होते.

"मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही गं बाय," हे मी किती मावश्यांच्या तोंडून ऐकलं! त्यांचा अनुभव खोटा नाही. निकोटीनने आतड्याला चालना मिळते, आणि वर्षानुवर्षं सकाळी त्याच क्रमाने सगळं घडत आल्यामुळे शरीर त्या डबीची वाट पाहत बसतं. म्हणून मी मावशीला कॅन्सरचे फोटो आधी दाखवत नाही. ते तिने पाकिटावर पाहिलेले असतात. मी सकाळपासून सुरुवात करते. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी किंवा पपई, आणि पोटासाठी डॉक्टरांकडून थोडे दिवस सौम्य औषध. पोटाची भीती गेली की निम्मी मशेरी सुटते. उरलेली निम्मी दुपारची असते. घरातलं आवरलं, मुलं शाळेत, नवरा कामावर, आणि बाई पहिल्यांदा खाली टेकते, ती वेळ. ती डबी म्हणजे त्या बाईची दिवसभरातली एकमेव हक्काची विश्रांती असते. ती काढून घेऊन आपण तिला काय देणार, याचा विचार न करता 'मावशी, सोडा' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आम्ही त्या वेळी चार-पाच जणींना एका अंगणात बसवायला लागलो. कोणी गजरे ओवतं, कोणी सुकेळी पानांत बांधतं. हात गुंततात, तोंडात बडीशेप असते, आणि बोलणं होतं. बोलायला मिळणं हेच बऱ्याच जणींना हवं असतं.

एका मावशीने एकदा तिची डबी माझ्या हातात ठेवली. पितळेची, झाकणाला पोचा आलेला, आईकडून आलेली. "फेकू नको. तुझ्याकडं ठेव," म्हणाली. मी खणात ठेवली. मग दुसरीने आणली, तिसरीने आणली. आता त्या खणात निरनिराळ्या डब्या आहेत. पावडरची, बामची, एक चांदीची. कोणी परत मागायला आली तर मी देते. अडवत नाही, कारण वस्तू तिची आहे आणि निर्णयही तिचाच. पण मागायला पापडीच्या रस्त्याने चालत यावं लागतं, मला तोंड दाखवावं लागतं, दोन शब्द बोलावे लागतात. तेवढ्या वेळात तलफ उतरलेली असते. मागायला आलेल्या काहीजणी नुसता चहा पिऊन परत गेल्या. पितळेची डबी अजून माझ्याकडे आहे.

आपल्याकडे या कामाची मोठी परंपरा आहे आणि तिचा आधार मी रोज घेते. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, एएच्या बारा पायऱ्यांना त्यांनी योगासनांची जोड दिली, २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून मुक्तांगण उभं केलं. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो. पण या संस्थांचं खरं काम मला पस्तीस दिवसांनंतरच्या भागात दिसतं. फॉलो-अपच्या बैठका, पत्नींसाठी वेगळा गट, व्यसनमुक्तीचा वाढदिवस. भाताचं रोप वाफ्यात कितीही छान वाढलं तरी लावणीनंतर शेतात पाणी उभं नसेल तर ते पिवळं पडतं. माणूस संस्थेत टवटवीत होतो, आणि घरी येताना त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत उतरतो. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७० च्या दशकात अभ्यास केला होता. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी घरी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. त्यांची जागा, सोबत, दिनक्रम, सगळं मागे राहिलं होतं. आमच्या माणसाला पापडी सोडून जाता येत नाही. म्हणून पापडीतच त्याच्यासाठी थोडी वेगळी वाट, वेगळी वेळ, वेगळी सोबत तयार करावी लागते.

हे दारू-तंबाखूपुरतं नाही. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून घरी गेल्यावर मलाही फोन घेऊन पडायची ओढ लागते आणि मध्यरात्र कधी होते कळत नाही. एका प्रायश्चित्तकाळात मी झोपायच्या खोलीत फोन न्यायचं बंद केलं. ईस्टर यायच्या आधीच बाजारातून गजराचं घड्याळ आणलं, कारण फोन आत न्यायचं माझं कारण गजर हेच होतं. घड्याळ आलं, कारण संपलं. फोन अजून बाहेरच असतो. झोप सुधारली आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याचं बोलणं ऐकायला मी पूर्ण जागी असते.

सवयीला सोय लागते, हे आमच्या गावातही दिसतं. नाक्यावरच्या बॅसीन कॅथॉलिक बँकेची सुरुवात १९१८ साली मोन्सिनिअर पी. जे. मोनिस यांनी केली. वसईकरांना बचतीची सवय उपदेशाने लागली असं मला वाटत नाही. पैसे ठेवायला गावात खिडकी होती, खिडकीवर ओळखीचा माणूस होता, म्हणून ती लागली. आरोग्याच्या सवयींनाही गावात अशी खिडकी हवी.

त्या चाचा-अंकलचं सांगायचं राहिलं. ईद झाली, पुढे ईस्टर झाला, दोघंही चालत राहिले. अंकलची सिगारेट सुटली. चाचांची सुटली नाही, दिवसाला दोनवर आली आहे. त्यांच्या मनाला ते लागतं, पण अंकल त्यांना एकटं सोडत नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात की छातीची घरघर कमी झाली आहे. प्रयत्न चालू आहे.

पुढचा प्रायश्चित्तकाळ, श्रावण किंवा रमजान येईल तेव्हा तुमच्या घरातलं कोणीतरी काहीतरी सोडेल. त्या चाळीस दिवसांचं कौतुक कराच, पण तो काळ संपायच्या आधी त्याच्याबरोबर बसून पुढचा आठवडा ठरवा. संध्याकाळी कुठल्या रस्त्याने यायचं, जेवणानंतर कोणाबरोबर चालायचं, सणाच्या पंगतीत त्याच्या शेजारी कोण बसेल. चर्चमधल्या समूहांना, मशिदीच्या कमिटीला, आळीतल्या मंडळांना आणि महिला बचतगटांना माझी विनंती आहे की सणानंतरच्या पहिल्या आठवड्यात एक बैठक ठेवा, नुसत्या चहाची. दारू रोजची असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. तंबाखूसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय सेवा आहे. फोन मोफत आहे आणि पलीकडे बोलायला समुपदेशक असतो.